मुलांच्या शैक्षणिक सॉफ्टवेअरचा लोगो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ग्राफिक डिझायनर आहे. पोटापाण्यासाठी दुकानांचे आणि दवाखान्यांचे लोगो करते, आणि हौस म्हणून मुलांच्या मोफत सॉफ्टवेअरना हात लावते. बाराखडी शिकवणारं अॅप करणारे शिक्षक, पाढ्यांचा खेळ लिहिणारे कॉलेजचे विद्यार्थी, परदेशात राहून नातवंडांसाठी मराठी गोष्टींचा प्रोग्राम करणारे आजोबा, सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा इथे लिहून ठेवलं आहे.

सॉफ्टवेअर अर्धंच झालंय. लोगो आत्ताच करावा का?

नाव पक्कं झालं असेल तर करा. नसेल तर अजिबात करू नका. नाव बदललं की लोगोही बदलावा लागतो, आणि पहिल्या लोगोत जीव अडकलेला असल्यामुळे लोक मग चुकीच्या नावाला चिकटून बसतात. तोवर कोऱ्या चौकोनात एखादं अक्षर टाकून काम चालतं.

सहा वर्षांच्या मुलाला लोगोशी काय देणंघेणं? सॉफ्टवेअर तर आईवडील नाहीतर शाळा निवडते.

निवडतात मोठे, पण पडद्यावर ते शोधतं मूल. आणि त्या मुलाला अजून वाचता येत नसतं, म्हणूनच तर तुमचं सॉफ्टवेअर त्याच्यासमोर आहे! चाळीस आयकनांच्या गर्दीतून त्याला तुमचं चित्र ओळखायचं असतं, आणि सापडलं नाही तर बाईंना सांगायचं असतं. ‘बाई, ते मांजराचं लावा ना.’ हे मांजर म्हणजे स्क्रॅच. एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये ही प्रोग्रामिंगची भाषा सगळ्यांसाठी खुली केली, आणि तेव्हापासून ते नारिंगी मांजर तिची ओळख आहे. नाव वाचता न येणारं मूलही त्याला हाक मारू शकतं.

त्यामुळे माझ्या दोनच अटी असतात. मुलाला लोगोला हाक मारता आली पाहिजे, आणि तो पाटीवर काढता आला पाहिजे. हुबेहूब नको, पण काढलेलं बघून दुसऱ्या मुलाने ‘हे ते आहे’ म्हटलं पाहिजे. खाली जे काही लिहिलंय ते फिरून फिरून या दोन अटींपाशीच येतं.

याचं चांगलं उदाहरण कुठलं?

माझं सगळ्यात आवडतं म्हणजे गरीब देशांतल्या मुलांना स्वस्त लॅपटॉप देणाऱ्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ प्रकल्पाच्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवरचं चिन्ह. इंग्रजी एक्स आणि त्याच्या डोक्यावर ओ. झालं. वाचता येणाऱ्याला दोन अक्षरं दिसतात, न येणाऱ्याला हातपाय पसरून उभं असलेलं पोर दिसतं. काडीने मातीत काढता येईल इतकं सोपं.

त्यातली खरी गंमत रंगांची. एक्सला वीस रंग, ‘ओ’ला वीस रंग, म्हणजे चारशे जोड्या. एकाच वर्गात सारखे दिसणारे तीस लॅपटॉप आले तरी झाकणावरच्या चिन्हावरून आपला कोणता ते मुलाला कळायचं. त्यावर चालणाऱ्या शुगर या प्रणालीतही तेच पोर पडद्याच्या मधोमध उभं असायचं, त्या त्या मुलाच्या रंगांत. रायगड जिल्ह्यातल्या खैरात धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत हे लॅपटॉप २००७ मध्ये आले होते. प्रकल्पाचं पुढे काय झालं हा वेगळा विषय. पण लोगो कंपनीचा न राहता मुलाचा स्वतःचा झाला, असं मी दुसरीकडे क्वचितच पाहिलंय.

लोगो, मॅस्कॉट आणि आयकन यांत फरक काय? तिन्ही लागतात का?

लोगो ही प्रकल्पाची खूण. मॅस्कॉट म्हणजे सॉफ्टवेअरच्या आत बोलणारं, नाचणारं, चुकलं की धीर देणारं पात्र. आयकन म्हणजे फोनवर बोट ठेवायचा तो चौकोन किंवा गोल. मोठ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये हे तीन वेगळे असतात. मुलांच्या सॉफ्टवेअरमध्ये तिन्हीकडे एकच चेहरा असलेला बरा. बाहेर ससा आणि आत हत्ती असेल तर मुलाला वाटतं चुकीच्या घरात शिरलो.

लिनक्स या मोफत संगणक प्रणालीचा पेंग्विन, म्हणजे टक्स, या बाबतीत मजेशीर आहे. लॅरी यूइंग यांनी तो १९९६ मध्ये जिंप या चित्रांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काढला. लिनक्सच्या लोगोसाठी तीन स्पर्धा झाल्या आणि टक्स एकही जिंकला नाही. म्हणून औपचारिकदृष्ट्या तो लोगो नाहीच, मॅस्कॉट आहे. आता त्या स्पर्धांत कोण जिंकलं ते कुणाला आठवतंय? टक्स मात्र मुलांच्या टक्स पेंट या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये खाली उभा राहून सूचना देतो. यूइंग यांनी तो वापरायला आणि बदलायला मुभा दिली, अट एवढीच की त्यांचं आणि जिंपचं नाव घ्यावं. त्या मुभेमुळेच तो इतका पसरला.

चित्र कशाचं घ्यावं?

आधी काय घेऊ नये ते सांगते, कारण दहातले आठ जण तेच घेऊन येतात. पेटलेला बल्ब. उघडं पुस्तक आणि त्यातून उडणारी अक्षरं. पदवीदानाची चौकोनी झुपकेदार टोपी, जी जिल्हा परिषद शाळेतल्या पहिलीच्या मुलाने पाहिलेली नसते आणि पाहिली तरी तिचा त्याच्याशी बारा-पंधरा वर्षं संबंध येणार नसतो. ही मोठ्यांची शिक्षणाची चिन्हं आहेत.

घुबड हाही असाच पाहुणा. पश्चिमेकडे ते शहाणपणाचं चिन्ह आहे. आपल्याकडे लक्ष्मीचं वाहन असलं तरी आजी त्याचं नाव संध्याकाळी घेऊ देत नाही, आणि वर्गात कुणाला ‘घुबड’ म्हटलं तर भांडण होतं.

पुढची अडचण फक्त आपल्याकडची आहे आणि बाहेरच्या कुठल्याच डिझाइनच्या पुस्तकात ती सापडत नाही. निवडणूक चिन्हं! मुलांना आवडणाऱ्या वस्तूंची यादी करा. कमळ, कारण ‘क कमळाचा’. उंचावलेला हाताचा पंजा. झुकझुक गाडीचं इंजिन. पतंग. हत्ती. सायकल. घड्याळ, वेळ शिकवायला. मशाल, ज्ञानाची म्हणून. धनुष्यबाण, कारण ‘ण बाणाचा’. शिट्टी. यातलं एकूणएक चिन्ह कुठल्या ना कुठल्या पक्षाचं आहे. तुमच्या मनात राजकारण नसतं, पण आचारसंहिता लागली की मुख्याध्यापकांना कुणीतरी विचारतंच, ‘हे शाळेत कसं?’ हत्ती किंवा पतंग पूर्ण टाळा असं मी म्हणत नाही. पण एकटं, समोरून, पक्षाच्या चिन्हासारखं उभं करू नका. हत्तीला सोंडेत खडू द्या, पतंगाला डोळे काढा. कमळ आणि पंजा मात्र सोडाच.

राहिलं काय? पुष्कळ. चिऊ आणि काऊ आहेत, शेणाच्या आणि मेणाच्या घरासकट प्रत्येक मराठी घरातल्या मुलाच्या ओळखीचे. शेकरू आहे, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. त्याची झुपकेदार शेपटी ही एकच रेषा वळवून काढता येते आणि लहान आकारातही ओळखू येते. खारीशी गल्लत होईल म्हणाल, तर होऊ दे. मुलाने ‘खारूताई’ म्हणून हाक मारली तरी हाक मारलीच ना! बेडूक, खेकडा, गोगलगाय यांच्याकडे कुणी वळत नाही. गोगलगायीचं कवच ही तर आयती गोल रेघ आहे, पण ‘गोगलगाय म्हणजे संथ’ म्हणून पालक नाक मुरडतात. मी एकदा हरले आहे त्यावर. पुन्हा प्रयत्न करणार आहे.

सरस्वती किंवा गणपती का नको? विद्येची दैवतं आहेत.

हा प्रश्न दर वेळी येतो, आणि विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. दसऱ्याला पाटीपूजनासाठी आपण जी सरस्वती काढतो, १ चा आकडा पुन्हा पुन्हा लिहून केलेली, ती माझ्या मते या मातीतली फार सुंदर रेखाकृती आहे. एकच खूण, नुकतंच लिहायला लागलेल्या हातालाही जमणारी, आणि तिच्यातून आख्खी आकृती उभी राहते. लोगो कसा बांधावा हे शिकायचं असेल तर ती काढून बघा.

पण सॉफ्टवेअर सगळ्या मुलांसाठी आहे, उर्दू शाळेतल्या आणि कॉन्व्हेंटमधल्याही. शिवाय आयकनवर बोटं आपटतात, तो कचऱ्याच्या डब्यात ओढून काढून टाकला जातो, पडद्यावर कुणीतरी चॉकलेटचे हात पुसतं. देवाचं चित्र तिथे असलं की भाविक माणसालाच आधी त्रास होतो. युक्ती घ्या, मूर्ती राहू द्या.

अक्षराचाच लोगो केला तर?

चालेल, पण ‘अ’ नको. साक्षरतेच्या प्रत्येक प्रकल्पाने तो घेतलेला आहे. मला ‘ळ’ आवडतो. दोन गोल पोटं, मध्ये दांडी, आणि मराठीचा खास बाणा. त्याला डोळे लावले की तो लगेच कुणीतरी होतो. ‘ळ बाळाचा’ हे तर मुलं आधीच म्हणतात.

देवनागरी अक्षर लोगोत घेताना काही गोष्टी हमखास चुकतात. सगळ्यात मोठी चूक ‘ल’ आणि ‘श’ची. मराठीत ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा. राज्य शासनाच्या २००९ च्या आणि नंतर २०२२ च्या निर्णयातही हेच सांगितलं आहे. पण युनिकोडमध्ये मराठी ‘ल’ आणि हिंदी ‘ल’ यांचा क्रमांक एकच असतो. कोणतं रूप दिसेल ते फॉन्ट ठरवतो, आणि बरेच फॉन्ट हिंदी रूप आधी दाखवतात. फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतील तर मजकुराची भाषा मराठी निवडली की बदलतात. नसतील तर अक्षराची बाह्यरेषा करून, म्हणजे अक्षराचं चित्रात रूपांतर करून, हाताने दुरुस्त करा. पहिलीच्या पुस्तकात एक ‘ल’ आणि तुमच्या लोगोत दुसरा, असं झालं तर मूल बरोबर असतं आणि तुम्ही चूक.

दुसरी चूक शिरोरेषेची. ‘मॉडर्न’ दिसावं म्हणून लोक ती तोडतात किंवा काढूनच टाकतात. कपड्याच्या दुकानाला शोभेल ते. जे सॉफ्टवेअर मुलाला ‘वर रेघ ओढ रे’ म्हणून दहा वेळा सांगतं, त्याच्याच पाटीवर रेघ नसावी? तसंच ‘ख’चं. त्याचा पाय नीट जुळलेला नसेल तर ‘रव’ वाचलं जातं.

तिसरी गोष्ट जागेची. रोमन अक्षराला वर-खाली फारसं काही नसतं. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार, खाली उकार आणि रकार. ४८ पिक्सेलच्या चौकोनात ‘किलबिल’ लिहिलं तर दोन वेलांट्यांचा मिळून एक ढग तयार होतो. आयकनवर एकच अक्षर किंवा नुसतं चित्र. पूर्ण नाव आतल्या पहिल्या पडद्यावर.

फॉन्ट कोणता म्हणाल, तर मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेने केलेले बालू, मोदक आणि मुक्त हे तिन्ही मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत. बालू गुबगुबीत आहे आणि लहान आकारातही टिकतो. मोदक इतका जाड की अक्षरांच्या आतली पोकळी जवळजवळ बुजते. मोठ्या पोस्टरवर तो धमाल दिसतो, आयकनवर चिखल. मुक्त सरळ वळणाचा, खालच्या मजकुरासाठी. बालू आता बराच दिसायला लागलाय, म्हणून निदान एखादं अक्षर तरी हाताने बदला.

रंग किती आणि कोणते?

दोन, फार तर तीन. मुलांचं आहे म्हणून सातही रंग ओतायची गरज नाही. सगळेच सात ओततात, त्यामुळे तसा आयकन गर्दीत हरवतो.

लाल आणि हिरवा यांच्या फरकावर ओळख अवलंबून ठेवू नका. हा फरक न दिसण्याचा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, त्यामुळे मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त आढळतो. सोपी परीक्षा म्हणजे झेरॉक्स. लोगो छापा, झेरॉक्स काढा, त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढा. तिसऱ्या कागदावर शेकरू शेकरूच दिसलं तर पास. शाळेत तुमच्या सराव-पत्रिका अशाच फिरणार आहेत.

नुसता भगवा, नुसता निळा किंवा नुसता हिरवा घेतला तर चिन्हांसारखाच प्रश्न इथेही येतो. जोडीला दुसरा रंग असला की मिटतो.

कोणकोणत्या मापांत लागेल?

मूळ फाइल व्हेक्टरमध्ये, म्हणजे कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या रेषांच्या चित्रात. तिचा प्रकार एसव्हीजी. मग कुठल्याही मापाची पीएनजी, म्हणजे पिक्सेलची चित्रफाइल, काढता येते. प्ले स्टोअरला ५१२ × ५१२ पिक्सेल, अॅपलला १०२४ × १०२४, ब्राउझरच्या टॅबवर १६ × १६. अँड्रॉइड ८ पासून आयकन दोन थरांत द्यावा लागतो, पुढचा आणि मागचा, प्रत्येकी १०८ × १०८ डीपी (डीपी हे अँड्रॉइडचं पडद्यावरचं माप). फोन कंपनी त्याला गोल, चौकोनी, हवा तसा कापते. मधल्या ६६ डीपीच्या वर्तुळात जे आहे तेवढंच नक्की शिल्लक राहतं. शेकरूची शेपटी त्याच्या बाहेर गेली की उरतो उंदीर. अँड्रॉइड १३ पासून एकरंगी आयकनही देता येतो, तो द्या. झेरॉक्सची परीक्षा पास झालेल्या लोगोला ते पाच मिनिटांचं काम आहे.

१६ पिक्सेलसाठी मोठं चित्र लहान करू नका. वेगळं काढा, नुसतं डोकं किंवा नुसती शेपटी.

कशात काढू? माझ्याकडे महागडं सॉफ्टवेअर नाही.

इंकस्केप. मोफत आहे, मूळ फाइलच एसव्हीजी असते, युनिकोड मराठी नीट चालते. कोरलड्रॉ येत असेल तर तेही उत्तम, आणि फ्लेक्सवाला, छापखाना सगळे तेच उघडतात.

फक्त बाहेर फाइल देताना अक्षरांचं बाह्यरेषेत रूपांतर करून द्या. एका विज्ञान जत्रेसाठी मी घाईत तसं न करता फाइल पाठवली. छापणाऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता. सहा फुटी फ्लेक्सवर सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या आपापल्या अक्षराच्या उजवीकडे जाऊन उभ्या. शुद्धलेखनाचं सॉफ्टवेअर होतं ते.

एआयला सांगून काढला तर?

कल्पना सुचायला हरकत नाही. पण ही चित्रं बहुतेकदा पिक्सेलची येतात, व्हेक्टरची नाहीत, देवनागरी जोडाक्षरांचा त्यात वारंवार चुथडा होतो, आणि शेकरू मागितलं तर परदेशी खार मिळते. आवडलेलं चित्र समोर ठेवून स्वतःच्या हाताने पुन्हा काढा, आणि ते आधीच्या कुणाच्या लोगोसारखं नाही ना, तेही बघा.

लोगोची स्पर्धा ठेवावी का?

डिझायनरांची नको. शंभर जणांनी फुकट राबायचं आणि नव्याण्णवांचं काम टोपलीत, हे मला पटत नाही. आणि परीक्षक मंडळ एकत्र बसलं की सगळ्यांना जरा जरा आवडणारं, म्हणजे कुणालाच फार न आवडणारं निवडतं.

मुलांची चित्रस्पर्धा मात्र जरूर घ्या. विषय ‘लोगो’ असा नको, ‘आपल्या खेळात कोण राहतं?’ असा द्या. आलेल्या चित्रांतून एक कल्पना निवडून डिझायनरने तिला नीटनेटकं करावं. परवानगी पालकांकडून लेखी घ्या, कारण अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्यात टिकत नाही. आणि ज्या मुलाची कल्पना घेतली त्याला ते सांगा. हे शेवटचं लोक विसरतात.

मुलांना दाखवून कसं तपासायचं?

‘आवडलं का?’ असं विचारू नका. बाईंना बरं वाटावं म्हणून मुलं हो म्हणतात. लोगो दहा सेकंद दाखवा, झाका, गोष्ट सांगा किंवा डबा खाऊ द्या, आणि मग पाटी-पेन्सिल देऊन म्हणा, ‘मघाचं कोण होतं ते काढ.’ सात-आठ मुलं पुरेत. सगळ्यांनी जे काढलं तो तुमचा लोगो. जे कुणीच काढलं नाही, ती मिशी, ती सावली, तो मागचा सूर्य, ते पुसून टाका. आणि काढताना त्यांनी त्याला काय नाव दिलं ते लिहून घ्या. तुमच्या नावापेक्षा ते बरेचदा चांगलं असतं.

मित्राने फुकट करून दिला. लोगो आमचाच ना?

आपोआप नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राचा हक्क काढणाऱ्याचा. तो तुमच्याकडे नोकरीला असेल तर गोष्ट वेगळी. हक्क तुमच्याकडे यायला सहीचा कागद लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. नातवंडं न्यू जर्सीत असतील तर ही दुसरी ओळ महत्त्वाची. मैत्री आहे म्हणूनच लिहून घ्या.

सॉफ्टवेअर खुलं आहे. लोगोही खुला ठेवावा का?

इथे दोन रास्त बाजू आहेत. लोगो अगदी खुला ठेवला तर कुणीही तुमचं सॉफ्टवेअर बदलून, त्यात जाहिराती घालून, तुमच्याच शेकरूच्या चेहऱ्याने मुलांपुढे ठेवू शकतो. म्हणून स्क्रॅचचं नाव, लोगो आणि मांजर हे ट्रेडमार्क आहेत.

उलट फार घट्ट धरलं तर फायरफॉक्स या ब्राउझरसारखं होतं. डेबियन या लिनक्सच्या एका आवृत्तीच्या लोकांना त्यात स्वतःचे बदल करायचे होते आणि फायरफॉक्स करणाऱ्या मोझिलाच्या लोगोचा परवाना त्यांच्या नियमांत बसत नव्हता. म्हणून २००६ मध्ये त्यांनी नाव आणि चित्र बदलून आइसवीझल केलं. २०१६ पर्यंत डेबियनवर तेच होतं. माझा सल्ला असा की कोड खुला ठेवा, मॅस्कॉटची चित्रं शिक्षकांना फलकावर, पत्रिकांवर वापरायला मोकळी द्या, पण नाव आणि मुख्य लोगो बदललेल्या आवृत्तीला लावायची परवानगी देऊ नका. चार ओळींत हे लिहून कोडसोबत ठेवा.

ट्रेडमार्क नोंदवायचा तर?

सॉफ्टवेअरसाठी वर्ग ९, शिक्षणसेवेसाठी वर्ग ४१. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये शुल्क, नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. अर्ज करा किंवा करू नका, पण नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो, तो लोगो काढायच्या आधी घ्या.

लोगोखाली घोषवाक्य हवं का? ‘खेळता खेळता शिकूया’ असं काहीतरी?

नको. ज्याच्यासाठी आहे त्याला अजून वाचता येत नाही.